टँकर म्हणजे चिखलातली बैलगाडी नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

समुद्रात तळाला रुतलेल्या टँकरवरचा, म्हणजे तेलवाहू जहाजावरचा, कालचा अग्रलेख वाचला. ‘चार टग (जहाज ओढणाऱ्या बोटी) लावून ओढून काढायला इतके दिवस कशाला?’ असा सवाल त्यात आहे. सवाल करायला काय जातं!

आधी प्रत्येक टाकीचं साउंडिंग घ्यावं लागतं, म्हणजे आत किती तेल-पाणी आहे ते मोजावं लागतं, भोवतालची खोली मोजावी लागते. खडक कधी कधी त्यानेच पाडलेल्या भोकात बुचासारखा बसलेला असतो. ओढलंत, की बूच निघालं. म्हणून वेळप्रसंगी बॅलास्टचं (वजनासाठी टाक्यांत घ्यायचं) पाणी भरून जहाज उलट आणखी जड करतात, नाहीतर ते दर लाटेला तळावर आपटत राहतं. मग तेल दुसऱ्या टँकरवर उतरवायचं आणि उधाणाची भरती गाठायची. ‘एक्झॉन व्हाल्डेझ’मधून १९८९ साली सुमारे ३७ हजार टन तेल सांडलं, हे सगळ्यांना पाठ आहे. उरलेलं जवळपास चार पंचमांश तेल त्याच फाटक्या जहाजातून उतरवून घेतलं, हे मात्र कोणी छापत नाही.

माझा राग जुना आहे. आमचा भरलेला टँकर एकदा पहाटे वाळूच्या दांड्यावर चढला. साउंडिंग चालू होतं, तोवर कंपनीच्या ऑफिसातून फोन : ओहोटी लागायच्या आत फुल अस्टर्न करा, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात उलटं चालवा, टगचं भाडं कोण भरणार? केलं. जहाजाच्या पंख्याने तळची वाळू ढवळली, ती इंजिनांच्या थंडाव्याच्या पाण्याबरोबर आत आली, गाळण्या तुंबल्या, जनरेटर बंद, सगळं जहाज अंधारात. पाच तास मी आणि एक फिटर टॉर्चच्या उजेडात वाळू उपसत होतो. टग शेवटी आलेच, भाडंही भरावं लागलंच. चौकशीत ठपका कुणावर? इंजिन रूमवर. गाळण्या वेळेवर साफ केल्या नव्हत्या म्हणे!

तो फोन करणारा आणि आपले अग्रलेखकार एकाच भाषेत बोलतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

घाई करायचीच तर जहाज भुईला लागायच्या आधी करावी. ‘अमोको काडिझ’ या टँकरचं सुकाणू १६ मार्च १९७८ च्या सकाळी निकामी झालं. टग दुपारी पोचला, दोरही बांधला, पण मदत कोणत्या करारावर द्यायची याची घासाघीस चार वाजेपर्यंत चालली होती. दोर तुटला आणि रात्री जहाज फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या खडकांवर गेलं. सुमारे सव्वादोन लाख टन तेल समुद्रात. त्या घासाघिशीवर अग्रलेख लिहा, पहिला वाचक मी.

जाता जाता : अग्रलेखासोबतचा फोटो कंटेनर जहाजाचा आहे. डेकवर रंगीबेरंगी डब्यांची चळत दिसते आहे आणि खाली ओळ ‘तेलवाहू जहाज’! मागेही असंच झालं होतं. तेव्हाचं माझं पत्र आपण छापलंत, फक्त फोटोबद्दलचा मजकूर तेवढा गाळलात. या वेळी जागा कमी पडली, तर कृपया वरचं काहीतरी गाळा.

आपला,
एक निवृत्त सेकंड इंजिनीअर