मेंढरे घेण्याआधी: मित्रास पत्र

कोल्हापूर,
दि. ८ डिसेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर कागलजवळच्या वडिलोपार्जित रानात शेड घालून माडग्याळ जातीच्या मेंढ्या बंदिस्त पद्धतीने पाळाव्यात, असा तुझा विचार आहे आणि त्यावर तू माझे मत मागितले आहेस. नुसते ऐकीव मत देण्यापेक्षा आपल्या भागात देशी जनावरे कोण सांभाळतो, कशी आणि कशाच्या बळावर सांभाळतो, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून दिवाळीपासून सवड मिळेल तसा मी कागल, हातकणंगले, शिरोळ आणि पलीकडे जत-आटपाडीपर्यंत हिंडलो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मेंढरे जरूर घे, पण दख्खनी घे, आणि ती गोठ्यात कोंडून ठेवू नकोस. असे का म्हणतो, ते आता सविस्तर लिहितो.

दख्खनी मेंढी आपण लहानपणापासून रस्त्याच्या कडेने जाताना पाहत आलो, पण तिच्याकडे कधी नीट लक्ष दिले नाही. अंगाने सडपातळ, पायांनी उंच, बहुधा काळी किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, आणि अंगावर राठ लोकर. महाराष्ट्रात या जातीचे लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे चार प्रकार मानले जातात. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या नावाचा एक प्रकार या मेंढीत आहे, आणि तो कोणत्याही शेतकी प्रदर्शनात नव्हे, तर उसाच्या फडांमधून हिंडणाऱ्या धनगर कुटुंबांच्या वाड्यांवर, म्हणजे फिरत्या तळांवर, टिकून आहे. ही कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावर पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात, जतकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात उतरतात, कारण आपल्याकडच्या सततच्या पावसात आणि चिखलात मेंढरांची खुरे कुजतात. दिवाळीनंतर ती परत येतात. तोवर ऊसतोड सुरू झालेली असते, हिरवे वाढे म्हणजे उसाचे शेंडे मिळतात, मोकळ्या झालेल्या रानात चरायला मिळते आणि शेतकरीही मेंढरे बसवायला बोलावतात.

हे मेंढरे बसवणे तू जवळून पाहायला हवेस. तिन्हीसांजेला कळप रानात आला की जाळीचे कुंपण उभे राहते, मेंढरे रात्रभर त्यात बसतात, आणि लेंडी व मूत्र जिथल्या तिथे मातीत पडते. दुसऱ्या दिवशी जाळी पुढच्या तुकड्यात सरकते. वाहतूक नाही, विस्कटण्याची मजुरी नाही. शिरोळकडे अति पाण्याने जमिनी खारवट झालेल्या आहेत आणि रासायनिक खतांचा हात सैल आहे. तिथले जाणते शेतकरी या खतासाठी वाडा अडवून धरतात. मोबदला मेंढरांच्या संख्येवर आणि रात्रींवर ठरतो, कुठे रोख, कुठे धान्यावर. ज्यांच्याशी मी बोललो त्यांच्या घरखर्चाचा मोठा आधार हा मोबदला आणि कोकरांची विक्री हाच होता. लोकरीचे नाव कोणीही उत्पन्नात घेतले नाही.

लोकरीची अवस्था पाहून मला खरोखर वाईट वाटले. कागल तालुक्यातील एका वाड्यावर कातरणी चालू होती, तिथे मी सबंध सकाळ बसून होतो. मेंढीचे पाय बांधून तिला कुशीवर निजवले जाते आणि कातरणारा माणूस उकिडवा बसून पोटाकडून पाठीकडे लांब पात्यांची कातर चालवत जातो. हात सराईत असला की लोकर तुटत नाही. सबंध चादरीसारखी सुटत येते आणि आतली बाजू तेलकट चकाकते. कुठे कातडीला ओरखडा गेला तर लगेच चिमूटभर हळद दाबली जाते. मी एक पुंजका हातात घेतला. लोकरीतल्या स्निग्धांशाने बोटे दुपारपर्यंत चिकट राहिली होती. हाच स्निग्धांश आणि राठ तंतू यांमुळे घोंगड्यावर पडलेला पाऊस लवकर आत मुरत नाही. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, तर दख्खनीचा त्याहून कितीतरी जाड. म्हणून स्वेटरच्या गिरणीला तो नको असतो. बाजार उरला नाही, त्यामुळे कातरणाऱ्याची मजुरी जाते आणि लोकर विकून तेवढेही पैसे सुटत नाहीत. काही ठिकाणी तर बांधावर टाकून दिलेली लोकर मी पाहिली. त्या वाड्यावरचे थोरले मामा म्हणाले (ते मेंढरालाच बकरं म्हणतात), "लोकरीला आता कोण इचारतंय? पर कातरल्याबिगर बकऱ्याला उन्हाळा सोसत न्हाई." काम करावेच लागते, आणि ते बिनमोबदल्याचे झाले आहे.

त्याच आठवड्यात मी हातकणंगले भागातील एका सनगर कुटुंबाकडे गेलो. घोंगडे विणणे हे पिढ्यान् पिढ्या सनगरांचे काम. घरात जमिनीत खोदलेला खड्डामाग, त्यात पाय सोडून बसलेले वृद्ध विणकर आणि शेजारी चरख्यावर सूत काढणाऱ्या आजी, असे दृश्य अजून आपल्या जिल्ह्यात पाहायला मिळते, हे मला ठाऊक नव्हते. लोकर निवडून, पिंजून, कातून झाली की ताणा अंगणात ताणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यासाठी चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवून कुटायचे आणि शिजवायचे. ही खळ कुंच्याने सुताला लावून उन्हात वाळवली की राठ सूत मागावर तुटत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. तिचे घोंगडे वेगळे ठेवले जाते आणि त्याची किंमतही वेगळी. मी आजींना विचारले की नातवंडे हे काम शिकणार का. त्यांनी उत्तर देण्याऐवजी मला पिंजलेल्या लोकरीची टोपली दाखवली आणि म्हणाल्या, "आधी चांगली काळी लोकर तर मिळू दे." सुहास, मला वाटते सगळा प्रश्न या उत्तरात आहे. धनगर म्हणतो घेणारा नाही आणि विणकर म्हणतो चांगला माल नाही, आणि या दोघांच्या मध्ये दख्खनी मेंढी झिजत चालली आहे.

आता माडग्याळविषयी. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून ही मेंढी ओळखली जाते. पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके, पोपटाच्या चोचीसारखे वळलेले नाक, मोठे हाड आणि अंगावर लोकर नावालाच. कोकरे झपाट्याने वजन धरतात, म्हणून तिला भाव आहे आणि देखण्या नराला तर हौसेचा भाव मिळतो. तिच्याविषयी मला काही वावगे म्हणायचे नाही. जतच्या लोकांनी ती निवडून निवडून घडवली आहे आणि तिथल्या हवेत ती शोभते. परंतु आपल्याकडच्या कळपांत माडग्याळ नर सोडून लोकर कमी करण्याची जी रीत पडली आहे, तिने दोन-तीन पिढ्यांत कोल्हापुरी दख्खनी ओळखू येईनाशी होते. शिवाय बंदिस्त पालनात तिला तेवढाच खुराक लागतो, आणि विकतच्या खुराकावर तुझा हिशेब बसणार नाही. याच बाबतीत कातरणीच्या वाड्यावरच्या त्या मामांनी मला ऐकवले: "पावणं, बकरं बांधलं की खुरं वाढत्यात. हिंडलं तर बकरं जगतंय." दख्खनी मेंढी चालण्यासाठीच घडलेली आहे. तिची अर्धी किंमत तिच्या पायांत आहे.

दख्खनीत सुधारणा करायचीच असेल तर त्याचाही एक चांगला नमुना जवळच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गारोल या लहानखुऱ्या मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून 'सुवर्णा' ही मेंढी तयार केली. तिला जुळी होण्याचे प्रमाण जास्त आहे. अर्थात जुळी कोकरे वाढवायची तर आईला दूध हवे, म्हणजे खुराक हवा, आणि रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्यावर दोन-दोन कोकरे सांभाळणे सोपे नाही. तुझे रान एका जागी आहे, चारा घरचा आहे. तुझ्यासारख्याने थोड्या सुवर्णा मेंढ्यांचा विचार केला तर तो व्यवहार्य ठरेल असे मला वाटते. बाकी कळप शुद्ध दख्खनीच असू दे.

म्हशी आणि बैलांकडेही मी डोकावलो, पण त्यावर थोडक्यात लिहितो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आपण उभे राहून धारोष्ण दूध प्यायचो ते आठवत असेलच. तिथे अजून पंढरपुरी म्हैस दिसते, खांद्यामागे तलवारीसारखी गेलेली तिची शिंगे अजून दिवाळीच्या पाडव्याला रंगवली जातात. गिऱ्हाइकाच्या दारात, रस्त्याच्या गोंगाटात पान्हा सोडणारी म्हैस म्हणून गवळ्यांनी तिला जपले. आता हरियाणातून मुऱ्हा आणण्याकडे कल आहे. खिल्लार बैलांची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा खोंडांना कोणी विचारीना. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, आणि आता आटपाडीकडे खिल्लारच्या कोसा प्रकारच्या खोंडाला पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. शर्यतीत जनावराचे हाल होऊ नयेत याबद्दल माझे मत तुला माहीत आहे, आणि न्यायालयाच्या अटी काटेकोर पाळल्या पाहिजेत असेच मी म्हणेन. मात्र जनावराचे काम गेले की जात जाते आणि काम आले की परतते, हे इथे उघड दिसते. वाड्याचे ओझे वाहणाऱ्या भीमथडी घोड्याचेही तेच. त्याची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली हे चांगले झाले, पण त्याला खरा आधार आहे तो संसार पाठीवर घालून हिंडणाऱ्या धनगराचा.

दख्खनीला आपल्याकडे आणखी एक आधार आहे, आणि तो कोणत्याही योजनेपेक्षा मोठा आहे. आदमापूरच्या संत बाळूमामांची मेंढरे बग्ग्याबग्ग्यांनी, म्हणजे कळपाकळपांनी, गावोगाव फिरतात. ती आपल्या शेतात बसली तर लोक भाग्य समजतात, उभ्या पिकात तोंड घातले तरी रागावत नाहीत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते; मी यंदा गर्दीत उभा होतो तेव्हा पिवळ्या धुरळ्यातून काळ्या लोकरीचे पुंजके माझ्या खांद्यावर येऊन पडले. ज्या लोकरीला बाजारात मोल नाही ती इथे देवाला वाहिली जाते. ही श्रद्धा आहे तोवर लोकरीची मेंढी पूर्णपणे नाहीशी होणार नाही, असा मला विश्वास वाटतो. परंतु सगळा भार देवावर टाकून आपण स्वस्थ बसावे, हे मला पटत नाही.

तेव्हा तू एकदा ये आणि चार-पाच वाडे आपण मिळून पाहू. वाड्यावर जाताना सकाळी लवकर, मेंढरे चरायला सुटण्याआधी पोहोचायला हवे. आधी घरच्या बाईमाणसांशी बोल, कारण कोकरांचे सगळे ज्ञान त्यांच्याकडे असते; कोणती मेंढी कोणाला पाजत नाही, कोणती दोनदा गाभडली, हे त्या नावानिशी सांगतात. फोटो विचारून काढ. भाव पहिल्याच भेटीत विचारू नकोस. मेंढी निवडताना दात बघ, खुरे बघ, कास हाताने चाचपून बघ, आणि नर घेशील तो दुसऱ्या वाड्यावरचा घे, म्हणजे नात्यातला संकर होणार नाही. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचलीच पाहिजे; पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत भरपेट खाल्ले की धडधाकट मेंढी रात्रीत मरते. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा एक साथीचा रोग) आणि देवीच्या लसीचे वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आधीच लिहून घे.

सुरुवात वीस माद्या आणि एका नराने कर. शेडच्या पैशांतून फक्त पावसाळ्यापुरता कोरडा, उंच जोत्याचा आडोसा बांध आणि उरलेली रक्कम राखण्याच्या पगाराला ठेव; अनुभवी राखण्या मिळाला नाही तर मेंढरे घेऊच नकोस, इतके मी स्पष्ट सांगतो. लोकर वाया जाऊ द्यायची नाही. त्या सनगर कुटुंबाशी मी बोलून ठेवले आहे. काळी लोकर रंगानुसार वेगळी करून, काटे-कुसळे काढून आणि धुऊन दिली तर ते ती घेतील आणि पहिली दोन घोंगडी आपल्यासाठी विणून देतील. मजुरी किती घ्यायची ते लोकर पाहून ठरवणार आहेत.

संक्रांतीच्या आधी आलास तर वाडे कागल परिसरातच भेटतील. वहिनींना नमस्कार सांग आणि येण्याची तारीख कळव, म्हणजे मामांना तसा निरोप देतो.

तुझा स्नेही,
विलास