साडेतीनच्या बोटीसाठी सकाळी सहाला कशाला निघायचं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांनी फोनवर मांडलेलं गणित कागदावर बरोबर आहे. कॉव्हेंट्री ते केर्नरायन, म्हणजे बेलफास्टची बोट सुटते ते स्कॉटलंडमधलं बंदर, ३१० मैल, म्हणजे ५०० किलोमीटर. ताशी ७० मैलांनी साडेचार तास. मग सहाला कशाला निघायचं? नकाशा समोर ठेवून वाचता यावं म्हणून उत्तर लिहूनच पाठवते.

पहिली गोष्ट, साडेतीन ही बोट सुटायची वेळ, आपण पोचायची नव्हे. चेक-इन त्याआधीच बंद होतं. गाड्या रांगांत उभ्या करून एकेक रांग आत सोडतात. म्हणून अडीचला धक्क्यावर हवं.

दुसरी आणि खरी अडचण शेवटच्या १०० मैलांची. एम-६ हा मोटरवे (द्रुतगती महामार्ग) स्कॉटलंडच्या वेशीवर संपतो. ग्रेटनाला मोटरवे सोडून आपण ए-७५ ला लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी जायला एक लेन, यायला एक लेन असा साधा रस्ता आहे. गाड्यांना मर्यादा ६० मैलांची, अवजड ट्रकना त्याहून कमी, आणि हे ट्रकही आपल्यासारखेच बोट गाठायला निघालेले असतात. पलीकडून बोट लागली की उतरलेले ट्रक समोरून एका माळेत येतात, मग पुढे काढायला जागाच मिळत नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यासारखं. जादा लेनचे थोडे तुकडे आहेत, तिथेच ओव्हरटेक करायचा. क्रॉकेटफर्ड आणि स्प्रिंगहोम ही दोन गावं रस्त्यातच येतात, तिथे वेग ३० वर आणावा लागतो. या १०० मैलांना मी दोन तास वीस मिनिटं धरली आहेत. त्यात घाई करून वेळ भरून निघत नाही, म्हणून सगळी शिल्लक आधीच ठेवायची.

वार रविवारचा घेतला. कामाच्या दिवशी सहाला निघालो तर बरोबर ऑफिसच्या गर्दीत मँचेस्टरच्या दक्षिणेला पोचू, आणि थेलवॉलच्या पुलावर सगळं ठप्प होतं. उन्हाळ्यातल्या शनिवारी ब्लॅकपूल आणि लेक डिस्ट्रिक्टला जाणाऱ्यांची झुंबड असते. रविवारी पहाटे बर्मिंगहॅमजवळचा एम-६ मोकळा असतो, त्यामुळे जाताना त्याला समांतर असलेला टोलचा रस्ता घेणार नाही. येताना मंगळवार आहे, तेव्हा पैसे भरून तोच घेईन. एखादा पट्टा दुरुस्तीसाठी बंद आहे का, ते शनिवारी रात्री बघेन. पेट्रोलही शनिवारीच सुपरमार्केटच्या पंपावर भरायचं, मोटरवेवर ते बरंच महाग पडतं. चाकांत हवा सामानाने भरलेल्या गाडीसाठीची, दाराच्या आतल्या स्टिकरवर दिलेली.

आठला चार्नक रिचर्डच्या थांब्यावर वीस मिनिटं. चहा नको असला तरी उतरून चालायचंच, बसून बसून आईच्या पायावर सूज येते. पुढे लगेच प्रेस्टन लागेल. बाबा, ब्रिटनमधला पहिला मोटरवे म्हणजे हाच प्रेस्टनचा वळणरस्ता, डिसेंबर १९५८ चा. थोडं पुढे लँकेस्टरच्या थांब्यावर षट्कोनी मनोरा दिसेल. १९६५ साली वर उपाहारगृह होतं, आता लोकांना बंद आहे. सव्वानऊ-साडेनऊला टीबे. हा थांबा मोठ्या साखळीचा नाही, तिथल्या शेतकरी कुटुंबाने १९७२ मध्ये काढलेला. पोटभर खायचं ते इथेच, चाळीस मिनिटं. थांब्यांवर पार्किंग दोन तास फुकट असतं, पुढे कॅमेरा नंबर टिपतो आणि घरी दंडाची चिठ्ठी येते. आपण तेवढा वेळ काढणारच नाही.

टीबेनंतर शॅपची चढण, ३०० मीटरच्या वर. जूनमध्येही तिथे धुकं आणि वारा असू शकतो. बाहेर पडायचे फाटे या भागात लांब लांब आहेत. पुढे अपघात झाला तर तासभर जागेवर. म्हणून टीबेला ‘मला नाही लागलीये’ हे उत्तर चालणार नाही. आई, सकाळची लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी उशिरा घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचार. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.

अकराच्या आसपास ग्रेटना. तिथून पावणेबारापर्यंत निघालो नाही, तर बोट कंपनीला फोन करून पुढच्या फेरीवर नाव लावायचं. हे मी आधीच ठरवून ठेवलंय, म्हणजे गाडीत त्यावर चर्चा नको. सगळं वेळेत झालं तर कॅसल डग्लसला पंधरा मिनिटं थांबू आणि दीड-पावणेदोनला पोचू.

बसायचं कसं, तेही आत्ताच सांगते. बाबा पुढे डावीकडे, आई त्यांच्या मागे. मोटरवेवर गाडी बंद पडली तर दोघांनी डाव्या दारांनीच उतरून कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. पाऊस असला तरी गाडीत बसायचं नाही, मागून येणारा ट्रक हाच खरा धोका असतो. रेनकोट डिकीत नाही, मांडीजवळ हवेत. आणि बाबा, तुमचा परवाना इथे १२ महिने चालतो हे खरं, पण माझ्या गाडीच्या विम्यात तुमचं नाव नाही. विषय संपला.

केर्नरायनला दोन वेगळी बंदरं आहेत. स्ट्रॅनरारकडून येताना आधी लार्नच्या बोटींचं लागतं, आपलं बेलफास्टचं त्याच्या पुढे, गावाच्या उत्तरेला. आपल्या बोटी २०११ पर्यंत स्ट्रॅनरारहून सुटायच्या, त्यामुळे जुना नकाशा असलेलं रस्ता दाखवणारं यंत्र अजून त्या गावात नेऊ शकतं. आपण कॅसल केनेडीनंतर ए-७५१ चा छोटा जोडरस्ता धरणार, गावात शिरायचंच नाही.

बोटीवर गाडी लावली की हँडब्रेक, गिअर, आणि अलार्म बंद. हेलकाव्याने तो वाजत राहतो आणि बॅटरी उतरते. बोट चालू असताना गाड्यांच्या डेकवर कुणाला जाऊ देत नाहीत. म्हणून गोळ्या, स्वेटर, चष्मा, पाण्याची बाटली एका पिशवीत घेऊनच वर जायचं. आईच्या गुडघ्यांचं बुकिंगमध्ये कळवलंय. चेक-इनला पुन्हा सांगेन, म्हणजे गाडी लिफ्टजवळ लावतील.

प्रवास सव्वादोन तासांचा. सुरुवात लॉक रायनच्या खाडीत, शेवट बेलफास्टच्या खाडीत, दोन्हीकडे पाणी शांत. हलते ती मधल्या उघड्या समुद्रात. तेवढा वेळ बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसायचं आणि नजर क्षितिजावर ठेवायची. गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. बीपीच्या गोळ्यांबरोबर कुठली चालेल ते येतानाच विचारून या.

जायंट्स कॉजवेला, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे दगडी खांब बघायला, सोमवारी. सुमारे ४०,००० खांब, सगळे बेसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणच. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीची. स्वागतकक्षापासून खाली किलोमीटरभर उतार आहे, पण बस मिळते. दगड ओले असले की निसरडे होतात, तेव्हा चपला नकोत, बूट.

एक काम मात्र आजच करा. उत्तर आयर्लंड यूकेमध्येच येतं, तिथे तुमचा व्हिसा चालतो. पण दक्षिणेच्या स्वतंत्र आयर्लंड देशाची सरहद्द नुसत्या शेतांतून जाते, चौकी नाही. फलक मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसू लागले की कळतं आपण दुसऱ्या देशात आलो. व्हिसाच्या स्टिकरवर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन-आयर्लंडची सामायिक व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर तिकडे जाता येतं. नसेल तर चुकूनही नाही, मग सरहद्दीजवळच्या डेरी शहराच्या बाजूचा बेत मी काढून टाकेन. दोघांच्या स्टिकरचा आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. तिकिटावर नाव अक्षर न् अक्षर तसंच घालायचंय, आणि आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे की सासरचं, ते मला आठवत नाही.

तुमची लेक