शाळेवरचा सरकारी खर्च कमी करा, असं मी का म्हणतो

प्रिय मित्रा,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. फोनवर मी जे बोललो ते तुला चांगलंच झोंबलेलं दिसतंय. राष्ट्रीय उत्पन्नातले ६ टक्के शिक्षणावर घालावेत असं सांगणारा कोठारी आयोग, तेच ६ टक्के पुन्हा सांगणारं २०२० चं राष्ट्रीय धोरण, हंटर आयोगापुढचे जोतीराव फुले, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण आणणारे शाहू महाराज, सगळ्यांना एकदम माझ्या अंगावर सोडलंस. आणि शेवटी, 'तू जन्मभर सरकारी हिशेबाच्या टेबलावर बसलास, सरकारचंच खाल्लंस, आता त्यालाच बारीक करायला निघालास?' असा टोमणाही. खाल्लं, मान्य. म्हणूनच आतलं ठाऊक आहे.

माझं म्हणणं फोनवर अर्धवट राहिलं, ते नीट लिहितो. राज्य सरकारनं शिक्षणावरचा खर्च वाढवू नये, कमी करावा, आणि त्याच्याही आधी स्वतःचा पसारा आवरावा. पोराच्या आईबापाला ज्याला कधी तोंड द्यावं लागत नाही, त्याच्या हातात आणखी पैसा दिला की आणखी टेबलं तयार होतात. शाळा होती तिथंच राहते.

गणवेशाचंच घे. पूर्वी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पोरामागं दोन गणवेशांचे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडं यायचे. समिती म्हणजे कायद्यानं तीन चतुर्थांश पालक. ते गावातल्या किंवा बाजाराच्या गावच्या शिंप्याला गाठायचे, तो शाळेत येऊन मापं घ्यायचा, बाही आखूड झाली तर त्याच्या दुकानात जाऊन भांडता यायचं. मग मंत्रालयात कुणाच्या तरी डोक्यात आलं, 'एक राज्य, एक गणवेश'. अख्ख्या राज्याचं कापड एकगठ्ठा घ्यायचं, शिलाई बचत गटांकडून करून घ्यायची. २०२४-२५ मध्ये काय झालं ते मी तुला सांगायचं म्हणजे कमालच, तूच फोनवर शिव्या घालत होतास. पावसाळा सरला तरी तुझ्या वर्गात निम्मी पोरं जुन्याच कपड्यात. आले ते गणवेश पहिलीच्या पोराला गुडघ्याखाली आणि पाचवीच्याला बटण लागेना असे. डिसेंबर २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला, पुढच्या वर्षापासून पुन्हा समितीकडंच. पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं घालायची टूमही तशीच, २०२३ ला आली, जानेवारी २०२५ ला गेली. त्याच महिन्यात पोषण आहारातल्या अंड्यांसाठी जादा पैसे मिळणार नाहीत, लोकसहभागातून बघा, असंही कळवून मोकळे झाले.

तू म्हणशील, हा एका मंत्र्याचा उत्साह होता. नाही रे. काही कोटींचा व्यवहार एका टेबलावर गोळा होऊ शकतो, एवढं दिसलं की तो गोळा केला जातोच. पक्ष कुठलाही असो.

आता तुझ्या शाळेपासून वर मोजत जा. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, विभागीय उपसंचालक, संचालक, आयुक्त, सचिव. बाजूला डाएट आणि एससीईआरटी या प्रशिक्षणाच्या संस्था, प्राथमिक शिक्षण परिषद. यातल्या प्रत्येकाला तुझ्याकडून माहिती हवी असते, तीच माहिती, वेगळ्या नमुन्यात, 'आजच दुपारी बारापर्यंत'. ही माहिती भरायला सरल आणि यू-डायस ही सरकारी पोर्टलं आहेत, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा एक्सेल शीट. तू याला अशैक्षणिक कामाचा जाच म्हणतोस आणि त्याच्याविरुद्ध मोर्चा काढतोस. मी त्याला सरकारचा आकार म्हणतो. मोर्च्यात तुझ्या शेजारी उभं राहायला माझी ना नाही, फक्त फलकावर 'निधी वाढवा' लिहिलेलं नको.

मार्चअखेर मी जवळून पाहिलीय, तू पाहिली नसशील. वर्षभर कोरडं. मग महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत बीडीएस या निधीवाटपाच्या सरकारी प्रणालीवर तरतूद उतरते आणि ३१ तारखेच्या आत बिल कोषागारात गेलं नाही तर ती व्यपगत, म्हणजे बुडाली. त्या दोन दिवसांत कोण विचारणार की शाळेला काय हवंय? ज्या वस्तूचं दरपत्रक तयार आहे ती वस्तू हवी असते. एका शाळेच्या कपाटात मी विज्ञान साहित्याच्या तीन पेट्या पाहिल्या, तिन्हींची प्लास्टिकची पट्टी जशीच्या तशी. उपयोगिता प्रमाणपत्र मात्र तिन्हींचं वेळेवर गेलेलं, सहीशिक्क्यासकट. हिशेबात ते 'शिक्षणावरचा खर्च' म्हणूनच धरलं जातं. तुझ्या ६ टक्क्यांत त्या पेट्याही आहेत.

आणि खर्च वाढून पदरात काय पडलं? सर्व शिक्षा अभियान २००१ चं, शिक्षण उपकर २००४ पासून, शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. खेड्यांतल्या पोरांना वाचता येतं का हे तपासणारी 'असर'ची पाहणी २००५ पासून होतेय. देशभरातल्या खेड्यांतली पाचवीची निम्मी पोरं दुसरीचा उतारा वाचू शकतात, निम्मी नाही. हा आकडा तेव्हापासून आजपर्यंत त्याच्याच आसपास घुटमळतोय. मधे कोविड आला, पूर्वी शाळेत न येणारी गरिबाची पोरं आली, हे मला कळतं. तरीसुद्धा एवढ्या वर्षांत पैसा कितीतरी वाढला आणि वाचन जागच्या जागी, याचं उत्तर 'अजून पैसा' हेच असेल तर मग पैसा कमी पडला नाही असं कधी म्हणताच येणार नाही.

एक गोष्ट मला फार खटकते. आपल्याकडं विधान परिषद आहे, देशात सहाच राज्यांनी ती ठेवलीय. ७८ आमदार, त्यातले ७ शिक्षक मतदारसंघातून. ते तिथं काय मांडतात? टप्पा अनुदान, जुनी पेन्शन, संच मान्यता (म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं), अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन. मांडावंच, त्यासाठीच निवडून आलेत. (गंमत म्हणजे तुला तिथं मत नाही. माध्यमिकच्या खालचा शिक्षक त्या यादीत धरतच नाहीत.) पण पालकांचा मतदारसंघ कुठाय? पोराला भागाकार येत नाही हा प्रश्न घेऊन उभा राहणारा आमदार या रचनेत निवडून यायची सोयच नाही. अख्खी विधान परिषदच काढावी असं माझं मत आहे, घटनेच्या १६९ व्या कलमात तशी वाट आहे, विधानसभेनं ठराव करावा आणि संसदेनं कायदा. कुणी करणार नाही तो भाग वेगळा.

आता तुला सगळ्यात जास्त लागलेला मुद्दा, कमी पटाच्या शाळा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात साडेचौदा हजारांच्या वर असल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. पोरं १ लाख ८५ हजारांच्या घरात, शिक्षक ३० हजारांच्या जवळपास. म्हणजे एका शिक्षकामागं सहा पोरं. तुझ्या केंद्रातली ती बारा पटाची शाळा धर. दोन शिक्षक, पगार महिना सत्तर हजार धरला तरी वर्षाला जवळपास १७ लाख, पोरामागं १ लाख ४० हजार. इमारत, वीज, आहार वेगळा. आणि एवढं करून त्या पोरांना काय मिळतं? पहिली ते चौथी एकाच खोलीत, खेळायला कबड्डीचे दोन संघसुद्धा नाहीत, एक गुरुजी मीटिंगला, दुसरे बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला.

इथं मी सरसकट बोलत नाही, हे लक्षात घे. तोरणमाळच्या डोंगरातला पाडा, भामरागडची वाडी, पावसाळ्यात ओढा आडवा येणारी वस्ती, तिथं सरकारच हवं, आणि तिथं खर्च दुप्पट झाला तरी माझी तक्रार नाही. पण डांबरी रस्त्यावरच्या गावांत, दीड-दोन किलोमीटरवर जिल्हा परिषदेची मोठी शाळा, हाकेच्या अंतरावर अनुदानित, फाट्यावर इंग्रजी माध्यमाची पिवळी बस, आणि मधे ही बारा पोरं, अशा शाळा चालू कुणासाठी आहेत? पोरांसाठी असत्या तर लहान शाळा एकत्र करून काढलेल्या पानशेतसारख्या समूह शाळेचं तुम्हीच स्वागत केलं असतं. किलोमीटरच्या आत शाळा हवी हा नियम पुढं करून पदं वाचवली जातात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मग पैसा द्यायचा कसा? पोराबरोबर. गरिबाच्या पोरामागं एक ठरलेली रक्कम, ते पोर जाईल त्या शाळेला. जिल्हा परिषद, अनुदानित, खाजगी, कुठंही. याचं लहानसं रूप आपल्याकडं आहेच, हक्काच्या कायद्यानं खाजगी शाळांत गरिबांच्या पोरांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागा. सरकारनं तिथं काय केलं बघ. पोरामागं प्रतिपूर्ती १७,६७० रुपये ठरवली, २०२०-२१ ला कोविडचं निमित्त करून ८,००० वर आणली, आणि तीही वेळेवर दिली नाही. थकबाकीपायी शाळा कोर्टात. २०२४ च्या फेब्रुवारीत तर एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा नियमच काढला. उच्च न्यायालयानं जुलैत तो रद्द केला. जे सरकार बारा पोरांच्या शाळेला पोरामागं लाखभर रुपये बिनबोभाट घालतं, तेच पालकानं स्वतः निवडलेल्या शाळेला साडेसतरा हजार द्यायला वर्षानुवर्षं लावतं. का? पहिल्या खर्चात बदल्या आहेत, मान्यता आहेत, खरेदी आहे. दुसऱ्यात नुसतं एक पोर आहे.

मान्यता म्हटलं की शालार्थ आयडी आठवला, शिक्षकाचा सरकारी पगार ज्याच्यावर निघतो तो क्रमांक. २०२५ मध्ये नागपूरला बाहेर आलं ते प्रकरण तू वाचलंसच. नेमणूकच बोगस आणि पगार मात्र सरकारी तिजोरीतून. शिक्षकाची नेमणूक मुलांचे पालक आणि शाळा यांच्यात ठरली असती, तर असल्या आयडीला बाजारात दमडी आली नसती.

फाट्यावरच्या इंग्रजी शाळा काही ऑक्सफर्ड नाहीत, हे तू लिहिलंस ते खरंच आहे. पत्र्याच्या शेडमध्ये बारावी झालेल्या मुली 'ए फॉर अ‍ॅपल' घोकून घेतात. पण त्या शाळेत पोर काही शिकेना तर बाप जूनमध्ये दाखला काढतो आणि संस्थाचालकाची झोप उडते. तुमच्या शाळेतून दाखला गेला तर कुणाची झोप उडते? संच मान्यतेपर्यंत कुणाचीच नाही, आणि संच मान्यतेच्या वेळी पट कसा भरतो ते २०११ च्या पटपडताळणीनं दाखवलंय. लाखो पोरं फक्त हजेरीपटावर सापडली होती.

जोतीरावांचं राहिलं. त्यांनी १८८२ मध्ये सरकारकडं प्राथमिक शिक्षणच मागितलं, त्यात मी खोट काढत नाही. पण त्यांचा राग कशावर होता? शेतकऱ्याच्या साऱ्यातून गोळा झालेला पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, यावर. मग २०२४ चा निर्णय त्यांच्या नजरेनं बघ. वार्षिक ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरणार. महिना ६५ हजार कमावणाऱ्या घरातल्या मुलीची इंजिनिअरिंगची फी कापूस वेचणारी बाई काडेपेटीवर, साबणावर कर भरून देतेय. माझी कात्री सगळ्यात आधी तिथं चालेल. त्यानंतर संचालनालयांवर, मग डांबरी रस्त्यावरच्या रिकाम्या शाळांवर. शहरातल्या ज्या अनुदानित शाळांत फी सहज परवडणाऱ्यांची पोरं जातात, तिथलं अनुदानही हळूहळू पालकांवर सोडता येईल. एवढं केलं की खर्च कमी होतो आणि पाड्यावरच्या पोराच्या वाट्याला कमी येत नाही. तुझी मुख्य भीती तीच होती ना?

तिजोरीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला जागाच नाही. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा, कर्ज ९ लाख कोटींच्या पुढं, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. लाडकी बहीण वगैरे त्याच्यानंतर. या घडीला 'शिक्षणाला आणखी द्या' याचा अर्थ 'कर्ज काढून द्या' एवढाच होतो, आणि ते फेडणार तुझ्या वर्गातली पोरं.

तुझ्या नोकरीवर मी उठलोय असं वहिनींना वाटत असेल तर त्यांना सांग, उलट आहे. उद्या गावातल्या प्रत्येक पालकाच्या हातात ते साडेसतरा हजार दिले आणि 'जा, हवी ती शाळा निवड' म्हटलं, तर तुझ्या वर्गातली किती पोरं जातील? माझ्या अंदाजानं फार तर दोन, आणि फाट्यावरची पाच-सात तुझ्याकडं येतील, कारण तुझ्याकडची चौथीतली पोरं वर्तमानपत्र वाचतात हे गावाला माहीत आहे. तुमच्या केंद्रातल्या बाकीच्या शाळांचं असंच म्हणवेल का, एकेका शाळेचं नाव घेऊन, ते मला पुढच्या पत्रात लिही. संघटनेच्या भाषेत नको, तुझ्या भाषेत.

तुझाच,
हिशेबनीस