राजवाड्याजवळ धावून आलेल्यांचे आभार

गुढीपाडव्याच्या खरेदीला निघालेले माझे वडील इंदूरच्या राजवाड्याजवळ छाती धरून खाली बसले, तेव्हा ज्यांनी त्यांना दुकानाच्या ओट्याला टेकवून बसवले, १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत भोवती गर्दी होऊ दिली नाही, त्या सर्वांचे मी कुटुंबाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो. आपली नावे विचारण्याचेही भान तेव्हा राहिले नाही.

रुग्णवाहिकेतील ताईंनी ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला लावली. या गोळीमुळे रक्तातील प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून गुठळी वाढायला अटकाव होतो, आणि चावल्याने ती लवकर रक्तात उतरते, हे मला नंतर समजले.

वडिलांचा रक्तदाब १६०/१०० च्या घरात असे. काहीच त्रास जाणवत नाही म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या आणि आम्हीही आग्रह धरला नाही, याची खंत आहे. आता आरोग्य केंद्रातील परिचारिका दर महिन्याला त्यांना पाच मिनिटे शांत बसवतात, हात हृदयाच्या पातळीवर टेकवतात आणि मगच पट्टा बांधतात. त्यांचेही आम्ही ऋणी आहोत. मागच्या खेपेस १३४/८४ हा आकडा त्यांनी कार्डावर लिहिला आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.