मीटर मागे गेला, तक्रार निकाली निघाली : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

काल दुपारी आपल्या खात्याचा मेसेज आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ तक्रार होती, मला विकलेल्या जुन्या मोटारसायकलचा किलोमीटरचा मीटर मागे फिरवल्याची. कोणी वाचली, काय केलं, एक अक्षर नाही. खाली मात्र ‘आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ हा प्रश्न आणि पाच तारे. डावा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे उजव्या हाताने एक तारा दिला. शून्याची सोय नव्हती.

चार महिन्यांपूर्वी मी जुनी मोटारसायकल घेतली. मीटरवर ११,४८२ किलोमीटर. विकणारा म्हणाला, ‘काका, सिंगल हॅण्ड गाडी आहे, नुसती उभी होती.’ काका भुलले. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, ब्रेकचं पेडल घासून चकचकीत, हॅण्डलचे ग्रिप मात्र कोरे करकरीत. अकरा हजारांत ग्रिप कोण बदलतं? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, कबूल. पण मीटर डोळ्यांसमोर असतो आणि फूटरेस्ट पायाखाली.

पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरप्रमाणे मी ऑइल बदलत राहिलो. इंजिनातली टायमिंग चेन बदलायला अजून खूप अवकाश आहे, असं धरून चाललो. एका सकाळी ती तुटली. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, इंजिन जाम, मागचं चाक जागच्या जागी लॉक. मी रस्त्यावर कसा पोचलो ते आठवत नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलं. रजा संपली, आता बिनपगारी चालू आहे. रात्री कूस बदलता येत नाही. बायको शर्टाची बटणं लावून देते आणि दर बटणाला ‘मी सांगत होते’ म्हणते. शर्टाला सात बटणं आहेत, मंत्रिमहोदय.

मेकॅनिकने गाडी खोलली तेव्हा सीटखाली, टूलकिटच्या मागे, चार घड्या घातलेली सर्व्हिसिंगची पावती निघाली. मी गाडी घेतली त्याच्या वर्षभर आधीची. तिच्यावर किलोमीटर : ६३,९०७.

म्हणजे वर्षभरात गाडी ५२,४२५ किलोमीटर मागे गेली. विषुववृत्तावरून पृथ्वीला अख्खी फेरी मारली तरी चाळीस हजारच भरतात. एवढी उलटी धावली तर टाकीत पेट्रोल तरी वाढायला हवं होतं.

हे कसं करतात, ते सांगतो. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकापासून मीटरपर्यंत केबल असायची. ती ड्रिलला लावून उलटी फिरवायची, नाहीतर सरळ सोडून ठेवायची. डिजिटल मीटर आले तेव्हा वाटलं, आता हे थांबलं. उलट सोपं झालं. आकडा मीटरमधल्या नखाएवढ्या मेमरी चिपमध्ये असतो. चिपला क्लिप लावायची, लॅपटॉपवर उघडायचा, हवा तो टाकायचा. मोटारीत कधी कधी दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरमध्ये खरा आकडा राहून गेलेला सापडतो. मोटारसायकलीत बहुतेक वेळा मीटर हा एकुलता एक साक्षीदार, आणि तोही चार स्क्रूंवर बसलेला. भंगारातल्या गाडीचा आणून बसवला तरी काम झालं. या धंद्याचं नाव ‘मीटर करेक्शन’. करेक्शन! उद्या खिसेकापू ‘खिसे दुरुस्ती’ची पाटी लावतील.

आता आपल्या खात्याकडे येतो. गाडी नावावर करताना माझी ओळख तपासली, पत्ता तपासला, फोटोची पार्श्वभूमी पांढरी आहे का तेही पाहिलं. चेसिस नंबर, इंजिन नंबर जुळवले. ज्या आकड्यावर मी पैसे मोजले त्याला मात्र फॉर्मवर रकानाच नाही! खिडकीतले साहेब म्हणाले, ‘मीटर आमच्या कक्षेत येत नाही.’ पोलीस म्हणाले, ‘त्यानेच बदलला हे सिद्ध करा.’ मी कर भरतो तेव्हा मात्र बरोबर कोणाच्या तरी कक्षेत सापडतो.

परदेशातले दाखले आपल्या अधिकाऱ्यांना आवडत नाहीत, म्हणून देतोच. अमेरिकेत याविरुद्ध १९७२ पासून केंद्रीय कायदा आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी मोटार विकताना किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. पोलंडमध्ये २०१९ पासून पाच वर्षांपर्यंत कैद. ब्रिटनमध्ये ठरावीक तपासणीत नोंदलेला आकडा, मोटारसायकलचासुद्धा, नंबर टाकून कोणीही फुकट पाहू शकतो. युरोपियन संसदेच्या २०१८ च्या ठरावात अंदाज आहे : देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी ५ ते १२ टक्क्यांचे मीटर फिरवलेले, सीमेपार जाणाऱ्यांत ३० ते ५० टक्के. ती चर्चा मुख्यतः मोटारींची, हे मला ठाऊक आहे. पण जिथे नोंदी ठेवतात तिथे बारा, तर जिथे कोणी लिहूनच ठेवत नाही तिथे किती? मी निम्म्या धरतो. चुकत असेन तर मोजा आणि मला खोटं पाडा.

मागणी एवढीशी आहे. सर्व्हिसिंग, विमा, धूर तपासणी, हस्तांतर, जिथे जिथे गाडी कागदाला सामोरी जाते तिथे मीटरचा आकडा लिहा आणि घेणाऱ्याला तो पाहू द्या. मीटर खरंच बिघडून बदलला तर तशी नोंद करा. याला समिती लागत नाही. लागणारच असेल तर तिच्या अहवालाची तारीख मागे फिरवता येते का, तेवढं आधी पाहून घ्या.

खरं सांगू, आता राग त्या विकणाऱ्याचाही राहिलेला नाही. तक्रारी ‘निकाली’ काढून प्रलंबितचा आकडा शून्यावर आणणारं खातं त्या लॅपटॉपवाल्याहून वेगळं काय करतं? त्याने माझ्या गाडीचे बावन्न हजार किलोमीटर पुसले, आपण माझी तक्रार पुसलीत. त्याला निदान क्लिप लावावी लागली.

आपला,
६३,९०७ किलोमीटरच्या गाडीचा मालक
(मीटरप्रमाणे ११,४८२ च्या)

ता. क. : त्याच विकणाऱ्याची नवी जाहिरात आज पाहिली. दुसरी गाडी, नऊ वर्षांची. ‘रनिंग फक्त १२,०००. सिंगल हॅण्ड. नुसती उभी होती.’