विमान पुन्हा वर का नेलं

ती. आई-बाबांना सा. न.

'तुमच्या लेकीचं विमान पडता पडता वाचलं' असं शेजारच्या काकू सांगून गेल्यापासून आईला घास जात नाहीये, असं दादा म्हणाला. आई, पडत नव्हतं गं. आम्हीच वर नेलं.

मुंबईत पाऊस होता, ढगातूनच उतरत होतो. अशा वेळी 1000 फुटांवर येईपर्यंत वेग, उतार, चाकं, पंखांचे फ्लॅप सगळं जागच्या जागी लागतं. आम्ही थोडे उंच राहिलो होतो. ती उंची घालवायच्या नादात वेग 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटर जास्त झाला. मी 'स्पीड' म्हटलं. कॅप्टन 'करेक्टिंग' म्हणाले. आकडा हलेना. मग मी 'गो अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, आणि त्यांनी त्याच क्षणी इंजिनांचा जोर वाढवणारे दोन्ही लिव्हर पुढे ढकलले. काकूंचा भाचा आमच्याच विमानात होता, तो घाबरला ते इंजिनांच्या त्या आवाजाला. चाकं आत घेताना माझा हात घामाने ओला होता, हे मात्र खरं.

बाबा, आंबा घाटात ओव्हरटेकला एसटी बाहेर काढून तुम्ही कितीदा परत आत घेतलीत! मागचे कुरकुरायचे. फरक इतकाच, की तुम्हाला कुणाला सांगावं लागत नव्हतं. मला वडिलांच्या वयाच्या माणसाला सांगायचं होतं. 22 मे 2010 ला मंगळूरला सहवैमानिकाने गो अराउंड म्हटलं होतं, तरी विमान उतरवलं गेलं. टेकल्यावर, वेग कमी करायला इंजिनांचा जोर उलटा, म्हणजे रिव्हर्स लावल्यानंतर, पुन्हा उडायचा प्रयत्न झाला. तोवर धावपट्टी संपत आली होती. 158 माणसं गेली. ट्रेनिंगपासून ते माझ्या डोक्यात बसलंय.

गो अराउंड केला म्हणून वैमानिकाला शिक्षा नाही, हे विमानांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याचं, डीजीसीएचं धोरणच आहे. तरी उशीर, इंधन, प्रवाशांची तोंडं हे सगळं डोक्यात येतंच. म्हणून इंधनाचा हिशोब आम्ही आधीच केलेला असतो: दुसऱ्यांदाही जमलं नाही तर थेट अहमदाबाद.

तशी वेळ आली नाही. वीसेक मिनिटांनी व्यवस्थित उतरलो. इंजिनं बंद झाल्यावर कॅप्टन एवढंच म्हणाले, "चहा घेणार?"

रविवारी येतेय. आई, मेतकूट संपलंय, करून ठेव. आणि बाबा, काकूंच्या भाच्याला बोलवा, त्याला मीच सांगते.

तुमची,
छकुली