तारीख आली म्हणून सोडायचं?

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून एक सोय शेवटच्या क्षणी काढून टाकली म्हटल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, "मगे इतके दिवस केलंस काय?" प्रश्न मनात राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं काम डेटाबेसचं. माहिती साठवायची आणि कुणी क्वेरी, म्हणजे त्या माहितीबद्दलचा प्रश्न, टाकली की बरोबर उत्तर द्यायचं. या आवृत्तीत जेसन टेबल ही नवी सोय देणार होतो. मोबाइलवरून येणारी माहिती बरेचदा जेसन नावाच्या सैल मांडणीत येते. एका नोंदीत वजन असतं, दुसरीत नसतं. ही सोय त्यातून रकाने पाडून सरळ तक्ता देते. एसक्यूएल या क्वेरी लिहायच्या भाषेच्या २०१६ च्या मानकातच ती आहे, लोक कधीपासून मागतायत.

चाचण्या सगळ्या पास होत्या. तरी मी मालवणच्या लिलावासारखी माहिती भरून पाहिली: होडी, तिच्यात टोपल्या, प्रत्येक टोपलीत मासा आणि वजन. एका टोपलीचं वजन लिहिलं, "अंदाजे ४०". आकड्याच्या जागी अक्षरं आली आणि क्वेरीत काहीच सांगितलेलं नसलं, तर ती जागा रिकामी सोडायची असा नियमच आहे. मी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, चूक दिसली की थांब. होडीच्या नोंदीत चूक असली की आमची सोय थांबायची. आतल्या टोपल्यांपाशी गप्प बसून पुढे जायची. वजन रिकामं राहिलं, आणि बेरीज करताना एसक्यूएल रिकाम्या जागा सोडून देतं. म्हणजे एकूण वजन ४० किलोंनी कमी, आणि पडद्यावर तक्रारीचं अक्षर नाही. कोसळणारा प्रोग्राम परवडला, बाबा, निदान दिसतो तरी. इथे चुकीचा आकडा बरोबर वाटतो आणि त्यावर कुणाचा तरी हिशेब चुकता होतो.

बैठकीत काहींचं म्हणणं, तारीख जाहीर झालीय, आत्ता सोडू, दुरुस्ती मागाहून. पण सोय बाहेर गेली की लोक तिच्यावर आपल्या क्वेरी उभ्या करतात. नंतर तिचं वागणं बदललं तर त्यांचं मोडतं. पोस्टग्रेससारख्या जुन्या, नावाजलेल्या डेटाबेसनंही तयार सोयी अशा मागे घेतल्यात. ११व्या आवृत्तीसाठी घेतलेली 'मर्ज' नावाची सोय त्यांनी २०१८ मध्ये मागे घेतली, ती आली २०२२ मध्ये, १५व्या आवृत्तीत. त्याच १५व्या आवृत्तीतून जेसनच्या नव्या सोयी बीटा, म्हणजे लोकांना तपासायला दिलेली कच्ची आवृत्ती, निघाल्यावरही काढल्या. जेसन टेबल लोकांच्या हाती पडलं २०२४ मध्ये, १७व्या आवृत्तीत.

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपायची, पण तुम्ही दर्या बघितल्याशिवाय होडी लोटत नसायचात. मीही थांबायच्या बाजूनं बोलले. तसंच ठरलं, आणि बाकीची आवृत्ती वेळेवर गेली. ज्या मुलानं ही सोय लिहिली तो नाराज आहे. त्याची मेहनत मी जवळून पाहिलीय, त्यामुळे जीव तुटतो. त्याचं काम फुकट गेलेलं नाही. पुढच्या आवृत्तीसाठी आम्ही दोघं मिळून चाचण्या लिहितोय.

त्यासाठीच आई, तुझ्याकडे एक काम. कपाटात लिलावाच्या जुन्या वह्या आहेत ना, त्यांच्या काही पानांचे फोटो पाठव, माणसांची नावं झाकून. "अर्धी टोपली", "उद्या देतो", खाडाखोड, सगळं तसंच असू दे. इथे बसून आम्ही बनवलेली माहिती फारच नीटनेटकी असते. आणि बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, रविवारच्या गाडीनं पाठवते.

तुमची लाडकी लेक